हिरुळकर मॅडमचं संमतिपत्र

हिरुळकर मॅडमच्या गौरवग्रंथात माझा दोन पानांचा लेख आहे. त्यात ‘व्यासंग’ तीनदा आणि ‘शिस्त’ चारदा आलं आहे. खोटं त्यात काही नाही. संपादकांनी ‘एखादी हृद्य आठवणही येऊ द्या’ असं सांगितलं होतं, तेवढं मी केलं नाही. आठवण होती, पण ती हृद्य नव्हती. ती इथे लिहिते.

डॉ. नलिनी हिरुळकर अमरावतीला आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं काढली. विभागात त्या, मी आणि एक रिकामी जागा असे तिघं होतो. मी अकोल्याहून रोज अप-डाऊन करायची. गाडी उशिरा आली की मी धावत वर्गात शिरायची आणि मॅडम दाराशी घड्याळ बघत उभ्या असायच्या. कधी रागावल्या नाहीत. फक्त म्हणायच्या, “अकरा मिनिटं.” मग माझ्या तासानंतर ती अकरा मिनिटं स्वतः वर्गावर जाऊन भरून काढायच्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचे वडील वलगावला भिक्षुकी करत. मंत्रात एक अक्षर चुकलं तर पूजा पहिल्यापासून, असा त्यांचा खाक्या. यजमान उपाशी, नैवेद्य गार, पण पूजा पहिल्यापासून. मॅडम हे हसून सांगायच्या. आपण त्यातलं काय उचललं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्यांचा विषय राजकीय विचार, आणि त्यातही काळजी. म्हाताऱ्या, आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं जे कोणी करतं, त्यांचं ते काम आपल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात कुठे आहे, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. जुन्या काळी एका नगरात सगळे नागरिक चौकात जमून न्याय म्हणजे काय यावर दिवसभर बोलत, हे शिकवून झालं की त्या पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, “आता सांगा, त्या दिवशी घरी जी म्हातारी निजून होती, तिला कुशीवर कोणी वळवलं?” मुलं एकमेकांकडे बघायची. मॅडम थांबायच्या. दोन-दोन मिनिटं थांबायच्या. तेवढी शांतता सहन करणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही.

लोकांना वाटायचं, लग्न केलं नाही, संसार नाही, बाईला काळजी म्हणजे काय ते पुस्तकातून कळलं असेल. तसं नव्हतं. त्यांची आई सहा वर्षं अंथरुणावर होती आणि सगळं मॅडमनी केलं. भिंतीवर तक्ता होता: दर दोन तासांनी कूस, पाणी किती, लघवी किती. शेवटपर्यंत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या म्हातारीशी बोलत मात्र नव्हत्या. तक्ता भरत होत्या. तरी जखम झाली नाही हे खरंच, आणि मला त्यांच्याविषयी जे काही वाटतं त्यात हे धरूनच वाटतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या एक स्वाध्याय द्यायच्या. सकाळी उठल्यापासून कॉलेजला निघेपर्यंत घरात कोणी काय केलं ते लिहा. एका मुलीचा बाप वही घेऊन थेट विभागात आला. दर्यापूरकडचा माणूस, पांढरा शर्ट, रागानं लाल.

“मॅडम, पोरीनं लिवलं का बाप उठते आन् पेपर वाचते. हे राज्यशास्त्र हाय काय?”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“आमच्या घरच्या भानगडी कॉलेजले काहून पाह्यजे?”

“तुम्ही पेपर वाचता तेव्हा चहा कोण आणतं, यात सत्ता आहे. सत्ता आहे तिथे राज्यशास्त्र आहे.”

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, “हे परीक्षेत येते काय?”

“येत नाही.”

“मंग!” असं म्हणून तो वही टेबलावर टाकून निघून गेला. मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली आणि त्या मुलीला दहापैकी नऊ दिले. एक मार्क ‘बाप’ ऐवजी ‘वडील’ न लिहिल्याबद्दल कापला.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला त्या तीनदा गेल्या. दुसऱ्या वेळी समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांचे लेख चाळून सांगितलं, “मॅडम, हे फार छान आहे, पण हे गृहविज्ञानवाल्यांकडे पाठवा.” बाकीचे हसले. मॅडमनी त्यांना विचारलं, “सर, आज तुम्ही इथे वेळेवर आलात. तुमच्या आई कोणाजवळ आहेत?” त्या गृहस्थांच्या आई आजारी आहेत हे साऱ्या विद्यापीठाला माहीत होतं. कोणी हसलं नाही. मॅडमची निवडही झाली नाही. निवृत्त होईपर्यंत त्या सहयोगी प्राध्यापकच राहिल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते त्यांनी भीतीपोटी केलं असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. त्या कोणाला भीत नव्हत्या. भीतीनं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

त्यांचं एकच पुस्तक आहे, मराठीत. त्यासाठी त्यांनी अकोला आणि बाळापूरच्या तेवीस बायका गाठल्या. सगळ्या दुसऱ्यांच्या घरी निजलेल्या माणसांचं करणाऱ्या. प्रत्येकीला शंभर पानी वही दिली. रोज लिहायचं: काय केलं, कोण काय बोललं, काय वाटलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी जाऊन लिहून घ्यायची. आणि प्रत्येकीशी, तसंच त्या त्या घरातल्या आजारी माणसाशीही, मॅडमनी संमतिपत्र केलं होतं. ते त्यांनी स्वतः लिहिलं, महिनाभर घासलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: माहिती देणाऱ्या व्यक्तीची, तिच्या कामाच्या घराची अथवा रुग्णाची ओळख संशोधिका कोणत्याही कारणाने उघड करणार नाही. ‘कोणत्याही कारणाने’खाली रेघ होती.

या बायकांत शकिलाबी होती. बाळापूरची, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, तरुणपणीच नवरा गेलेली. अकोल्यात एका वकिलाच्या घरी त्यांच्या आईचं करायची. त्या आईला सगळे अम्माजी म्हणत. अकरा वर्षं शकिलाबी तिथेच, मागच्या अंगणातल्या खोलीत राहत होती. तिची वही सगळ्यांत चांगली. चार ओळींत माणूस उभा करायची. मॅडमच्या पुस्तकातला सगळ्यांत चांगला भाग म्हणजे शकिलाबीची वही. पुस्तकात ती ‘बाई क्रमांक सात’ आहे.

प्रकाशनाला मॅडमनी सगळ्या बायकांना बोलावलं होतं. आल्या सहाजणी. भाषणं झाल्यावर शकिलाबी पुस्तक उलटंपालटं करत व्यासपीठाजवळ आली.

“मॅडम, हे माह्यंच हाय ना? हे अम्माजी थुकतात आन् मंग हसतात, थे?”

“हो, तुझंच.”

“मंग माह्यं नाव कुठी हाय?”

“नाव द्यायचं नसतं. तुझ्या संरक्षणासाठी.”

“म्या काय चोरी केली काय?” शकिलाबी म्हणाली. “तुमचं तं हाय वरतं, मोठ्ठं.”

आजूबाजूचे हसले. मॅडमनी तिला शांतपणे पाच मिनिटं संशोधनाची नीती समजावून सांगितली. शकिलाबीनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “रेखाताई, सात नंबरवर गोल तरी करून द्या पेननं. भावाले दाखवतो.” मी गोल करून दिला. मॅडमना ते आवडलं नाही.

पुढे पाच वर्षांनी, संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणे, मूळ वह्या नष्ट करायची वेळ आली. आमच्याकडे अशा गोष्टींना वेळ येते आणि निघून जाते, कोणी विचारत नाही. मॅडमनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. मी म्हटलं, “मॅडम, जिची तिला परत देऊ या ना.”

“आणि घरी कोणाच्या हाती लागल्या तर? मालकाच्या? नवऱ्याच्या?”

बिनतोड मुद्दा होता. सायकल स्टँडमागे पत्र्याच्या पिंपात जाळ केला, त्यात मी एकेक वही टाकली. मॅडम यादीवर खूण करत होत्या. तेविसावी टाकल्यावर त्यांनी यादीही टाकली. कोणता क्रमांक म्हणजे कोण, हे त्यानंतर फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

त्यानंतर वर्षभरात अम्माजी गेल्या. शकिलाबीच्या लोकांत जसा चाळिसावा असतो तसा वकिलांकडे तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी वकिलांनी शकिलाबीला खोली रिकामी करायला सांगितली. तिथे त्यांना पार्किंगची शेड करायची होती.

शकिलाबी दुसऱ्या दिवशी बसनं अमरावतीला आली. विभागात येऊन खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

“मॅडम, माही वही पाह्यजे.”

कारण तिनं सांगितलं. जाण्याच्या सात-आठ वर्षं आधी अम्माजींनी एक दिवस तिला वही आणायला लावली होती आणि तिच्याकडून लिहून घेतलं होतं: शकिला जिवंत असेतो मागची खोली तिची, तिला कोणी काढू नये. खाली अम्माजींनी थरथरत्या हातानं सही केली होती. मला ते पान आठवत होतं. सहीचं शेवटचं अक्षर पानाच्या बाहेर गेलं होतं. पुस्तकातही ते आलं आहे, पण नावं काढून: ‘क्रमांक सातला रुग्ण वृद्धेने निवाऱ्याचे लेखी आश्वासन दिल्याचे दिसते.’

“वही नाही,” मॅडम म्हणाल्या. “नष्ट केली. तुला सांगितलं होतं, सही आहे तुझी.”

शकिलाबी माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं.

“बरं,” ती म्हणाली. रडली नाही की ओरडली नाही. “वही नाही तं नाही. तुमी तं हाव ना. अम्माजीची पोरगी नागपूरले असते. थे म्हणे, प्रोफेसर मॅडम घरी येत, त्याईनं मले एकदा सांगितलं का आईनं असं लिवलं होतं, तं मी भावाले आयकवतो. कोर्ट नाही, कचेरी नाही. एक फोन करा, बस.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शकिला, मी ते सांगू शकत नाही. मी शब्द दिलाय.”

“कोणाले? मले ना? मी सोडतो तुमाले त्याच्यातून. लिवून देऊ?”

“तू सोडू शकतेस. पण तसाच शब्द मी अम्माजींनाही दिलाय. त्यांच्या घराबद्दल बाहेर बोलणार नाही म्हणून. त्या गेल्या. आता त्यांची परवानगी कोण देणार?”

शकिलाबीला हे समजायला वेळ लागला नाही. मलाच लागला.

“मॅडम,” ती म्हणाली, “अम्माजी असत्या तं म्या तुमच्याकडं कायले आली असती?”

विभागात पुन्हा तीच शांतता. मॅडमना शांततेची सवय होती. शकिलाबीला बसची घाई होती. ती निघाली तेव्हा मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. “ताई, इतकी शिकेल बाई,” ती म्हणाली, “थे बेइमान नाही, मले समजते. बेइमान असती तं काही तरी रस्ता निघाला असता.”

मी परत आले आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा मॅडमशी भांडले. “काळजी म्हणजे नियम नाही, समोरचं माणूस, असं तुम्हीच शिकवता. तुमच्याच पुस्तकात प्रकरण आहे.”

“आहे,” त्या म्हणाल्या. “पण आज मी सोयीसाठी शब्द मोडला, तर उद्या त्या बावीसजणींनी माझ्यावर विश्वास का ठेवायचा?”

“त्या बावीसजणींना कळणार कसं?”

“मला कळेल ना.”

मी त्याच दिवशी नागपूरच्या मुलीचा नंबर मिळवून स्वतः फोन केला. मी कोण, वही कशी होती, सही कशी होती, सगळं सांगितलं. ती बाई भली होती. नीट ऐकून घेतलं.

“ती वही आता कुठे आहे?”

“जाळली. मीच जाळली.”

“आणि मॅडम? त्या का बोलत नाहीत?”

मी संमतिपत्र समजावून सांगायला लागले. अर्ध्यातच माझ्या लक्षात आलं की हे बाहेरच्या माणसाला किती खोटं वाटेल. त्या बाईला तसंच वाटलं. “मॅडम मोठ्या आहेत,” ती म्हणाली. “त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असेल.” आणि तिनं भावाकडे विषय काढला नाही. मॅडमना त्या घरी कोणी ओळखतच नसतं, तर एक वेळ माझ्या शब्दाला वजन आलं असतं.

मॅडमनी शकिलाबीला चार पानी पत्र पाठवलं. आपण का बोलू शकत नाही, याचं. पाठवण्याआधी मला दाखवलं, कारण त्यांचं सगळं लिखाण आधी मी वाचायची. पत्र उत्तम होतं. एक शब्द बदलायची गरज नव्हती. पत्र पोहोचलं तेव्हा शकिलाबी त्या खोलीत नव्हती. वकिलांच्या मोलकरणीनं ते मागाहून तिच्याकडे पोचवलं.

त्यानंतर मॅडम निवृत्त झाल्या. भाषणं झाली, गौरवग्रंथ निघाला. मी विभागात एकटी राहिले, दोन रिकाम्या जागांसोबत.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यात एक चर्चासत्र झालं. बीजभाषण मॅडमचं होतं. मला त्यांचा फोन आला, ‘तू गावातच आहेस, ये.’ गेले. मॅडम वाळल्या होत्या, पण आवाज तोच, खणखणीत. निबंधाचा विषय होता ‘दिलेला शब्द आणि समोरचे माणूस: एका संशोधिकेची कोंडी’. अर्ध्या तासात त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. वृद्ध रुग्ण, क्रमांक सात, नष्ट झालेली वही, मागितलेली साक्ष, नाकारलेली साक्ष. स्वतःला त्यांनी कुठेही सोडलं नव्हतं. ‘संशोधिकेचा निर्णय योग्य होता असा दावा नाही’ असंही म्हणाल्या. मग पुष्कळ वेळ टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारची तरुण प्राध्यापिका डोळे पुसत होती. ती मला म्हणाली, “किती प्रामाणिक, नाही?”

नाही कसं म्हणू? प्रामाणिक होतंच.

जेवणाच्या रांगेत मॅडमनी माझ्या हातात निबंधाची पानं दिली. “एका मासिकाला हवाय. तू एकदा नजर टाक. तुला माझी भाषा कळते.”

घरी वाचला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘क्रमांक सातची पुढे अन्यत्र सोय झाली.’

मी रविवारी बाळापूरला गेले. पत्ता शोधायला वेळ लागला नाही, गाव लहान आहे. शकिलाबी भावाच्या घराच्या ओसरीत राहते. एका बाजूला प्लास्टिकचा पडदा लावून घेतलाय. रोज पहाटेच्या बसनं अकोल्याला येते, दोन घरी दोन निजलेल्या माणसांचं करते, संध्याकाळी परत. गुडघा गेलाय. बसची पायरी चढताना मागच्या माणसाला ढकलायला सांगते. “एक-दोघं तं नेहमीचे झाले,” ती हसून म्हणाली. “थे आपनच ढकलतात.” मॅडमबद्दल तिनं काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. चहा घेतला आणि आले.

मी त्या वाक्यापुढे समासात लिहिलं: हे चूक आहे. मग ओसरी, पडदा, बस, गुडघा, एवढं तीन ओळींत लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात पानं द्यायला मॅडमच्या घरी गेले.

त्या फाटकापाशी तुळशीला पाणी घालत होत्या. पानं तिथेच, उभ्यानंच हातात घेतली. समास वाचला. परत वाचला.

“हे तू स्वतः बघितलंस?”

“हो.”

“मग माझं वाक्य चूक आहे.” त्यांनी ब्लाउजला लावलेलं पेन काढलं, पान फाटकाच्या खांबावर टेकवलं आणि स्वतःचं वाक्य आडव्या रेघेनं खोडलं. रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ. मग थोडा वेळ माझ्या तीन ओळींवर पेन नुसतं धरून ठेवलं.

“गुडघा कोणता?” त्यांनी विचारलं.

“डावा.”

त्या म्हणाल्या, “बाळापूर, पहाटेची बस, दोन घरं. एवढ्यावरून तिला कोणीही ओळखेल, रेखा.” आणि त्याच सरळ रेघेनं माझ्या तिन्ही ओळी खोडल्या. “चहा टाकू?”

“गाडी आहे माझी,” मी म्हटलं.

मी ऑटोत बसले. ऑटो वळेपर्यंत त्या दिसत होत्या. पाण्याचा तांब्या खांबावर तसाच, उन्हात डोळे बारीक करून पुढचं पान वाचत, आणखी कुठे चूक राहिली आहे का ते बघत.